बोरन्हाणात गांध्या उठल्या, रिपोर्टमध्ये सतरा पदार्थ निघाले: आता मुलाला खायला काय घालायचं?

प्रश्न, थोडक्यात: मुलगा अडीच वर्षांचा. तान्हा असल्यापासून कोपराच्या-गुडघ्याच्या लवणीत कोरडे, खाजरे चट्टे. सासूबाई रोज तिळाच्या तेलानं मालिश करून डाळीच्या पिठानं अंघोळ घालायच्या. यंदा बोरन्हाणात त्यानं हलवा आणि तिळगुळाची वडी खाल्ली. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, दोन-तीन उलट्या झाल्या आणि तो मलूल पडला. गल्लीतल्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं दिली, संध्याकाळपर्यंत उतरलं. सासूबाई म्हणतात पित्त आहे. गेल्या वर्षी लग्नात पांढरा रस्सा-भात खाल्ल्यावरही तोंडाभोवती लाल झालं होतं. आम्ही लॅबमध्ये ॲलर्जीचा पूर्ण पॅनल केला, सतरा पदार्थ निघाले: तीळ, काजू, शेंगदाणा, दूध, गहू, तूरडाळ, वांगं, केळं, नारळ वगैरे. चार महिने सगळं बंद आहे, भात आणि मुगाच्या वरणावर आहे. वजन बारा किलोवरून अकरावर आलं. जूनमध्ये बालवाडीत घालायचंय. धाकटी पाच महिन्यांची आहे, तिला काय द्यायचं? आणि मोठ्या जाऊबाईंच्या मुलालाही तालमीत अंगावर असंच उठतं, हे घराण्यातच आहे का?

ताई, आधी कामाचं सांगतो. तुमच्या मुलाला तिळाची ॲलर्जी असल्याची दाट शक्यता आहे आणि ती हसण्यावारी न्यायची नाही. उरलेल्या सोळांपैकी काजूबद्दल शंका ठेवावी लागेल. बाकीचे पंधरा पदार्थ त्याला बहुधा चालतात, कारण संक्रांतीपर्यंत तो ते खातच होता. म्हणजे सध्या तुमच्याकडे सगळं उलटं चाललंय. जे निर्धोक ते बंद, आणि ज्यानं जिवावर बेतू शकतं त्याची घरात काही तयारी नाही. नुसतं पत्र वाचून निदान पक्कं होत नाही, त्यासाठी मुलाला तपासावंच लागेल. पण कुठल्या दिशेनं जायचं ते तुमच्या पत्रातच आहे.

अन्नाच्या ॲलर्जीचं निदान रक्तात थोडं आणि आईच्या सांगण्यात जास्त असतं. मी पहिल्यांदा रिपोर्ट मागतच नाही. काय खाल्लं, किती खाल्लं, किती मिनिटांत काय झालं, त्याआधी तो पदार्थ खाल्ला होता का, नंतर पुन्हा खाल्ला का, एवढं विचारतो. तातडीची ॲलर्जी खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. काल दुपारी खाल्लेल्या केळ्यानं आज सकाळी गांध्या उठल्या, असं सहसा होत नाही.

तुमच्या मुलाला दहा मिनिटांत उठलं, वेळ जुळली. आता वडीत काय काय होतं ते बघू. तीळ, गूळ, शेंगदाण्याचं कूट, वर पेरलेलं सुकं खोबरं, वेलदोडा. गूळ-पोळी तो रोज खायचा. कूट तर आपल्याकडे कशात नसतं? भाजीत, कोशिंबिरीत, आणि तुम्हीच लिहिलंय की साबुदाण्याची खिचडी त्याच्या आवडीची. म्हणजे शेंगदाणा सुटला. खोबरं कालवणातून पोटात जात होतंच. राहिला तीळ. हलव्याच्या दाण्यातही मधोमध तीळ किंवा खसखस असते, त्यावर साखरेच्या पाकाचे थर चढवलेले असतात. लग्नातल्या पांढऱ्या रश्श्यात तीळ, खसखस, काजू आणि नारळाचं दूध असतं. खोबरं आधीच सुटलंय, ते सोडलं तर दोन्हीकडे येणारी नावं दोनच, तीळ आणि खसखस. खसखस तुमच्या पॅनलमध्ये तपासलेलीच नाही, म्हणून तीही तूर्त बाजूला ठेवा. काजू त्यानं नुसता कधी खाल्लेला नाही, त्यामुळे त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला कोणी नाही.

रश्श्याच्या प्रसंगाला मात्र मी फार वजन देणार नाही. ओठाभोवतीची बारक्या पोरांची कातडी नाजूक असते. मिरी, टोमॅटो, लिंबू लागलं की तिथल्या तिथे लाल होते आणि अर्ध्या-पाऊण तासात जाते. नुसत्या तेवढ्यावरून कुठलाही पदार्थ बंद करू नये.

तुम्ही विचाराल, याआधी तीळ फारसा पोटात गेलाच नव्हता, मग ॲलर्जी आली कुठून? बहुधा कातडीतून. एक्झिमा, म्हणजे ते खाजरे चट्टे, असले की कातडीचा बांध फुटलेला असतो. अन्नातली प्रथिनं त्या भेगांतून आत गेली की शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवते. तेच प्रथिन आधी तोंडावाटे, आतड्यातून गेलं तर शरीर बहुतेक वेळा ते आपलं म्हणून स्वीकारतं. घाण्याच्या तिळाच्या तेलात तिळाचं प्रथिन शिल्लक असतं. सासूबाईंना यात दोष देऊ नका. धड कातडीच्या बाळाला त्याच तेलानं काही होत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. पण चट्टे असलेल्या अंगाला तीळतेल, बदामतेल, डाळीचं पीठ, साय यांतलं काहीही चोळायचं नाही. अंघोळीनंतर ओल्या अंगावर साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पांढरं पेट्रोलियम जेली लावा, दिवसातून दोनदा. चट्टे पेटले की डॉक्टरांनी दिलेलं मलम न घाबरता, सांगितलं तितके दिवस लावा. ‘स्टेरॉइड आहे’ म्हणून दोन दिवसांत मलम सोडून देणारे आईबाप मला रोज भेटतात, आणि पोरगं रात्रभर खाजवत बसतं.

आता त्या रिपोर्टकडे येऊ. त्याची पहिली दोन पानं आयजीईची आहेत. तिळाचा आकडा 14, काजूचा 2.8, बाकी सगळे 0.4 ते 1.2 च्या मध्ये. लॅब 0.35 च्या वर गेलं की ‘पॉझिटिव्ह’ छापते. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की रक्तात त्या पदार्थाविरुद्ध थोडी प्रतिपिंडं सापडली. ती असूनही पोरगं तो पदार्थ मजेत पचवत असतं. एक्झिमा असलेल्या मुलांत एकूण आयजीईच चढलेलं असतं, त्यामुळे बारीकसारीक आकडे पुष्कळ निघतात. आपल्या शेजारी कर्नाटकात सात ते दहा वर्षांच्या शाळकरी मुलांचा मोठा अभ्यास झाला होता. त्यात 19 टक्क्यांच्या आसपास मुलांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडं होती; लक्षणं आणि चाचणी दोन्ही जुळून ॲलर्जी असावी असं वाटणारी मुलं होती 0.14 टक्के. नुसता रिपोर्ट धरून चाललो तर वर्गातल्या दर पाचव्या मुलाचं जेवण तोडावं लागेल.

तिसऱ्या पानावर ‘फूड इनटॉलरन्स’ म्हणून आयजीजीचे आकडे आहेत. ते पान सरळ बाजूला ठेवा. आयजीजी ही दुसऱ्या जातीची प्रतिपिंडं. ती असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, शरीराला त्याची ओळख आहे, इतकंच. ॲलर्जीतज्ज्ञांच्या जगभरच्या संघटना ही चाचणी ॲलर्जीसाठी करू नका म्हणतात, तरी ती हजारो रुपयांना विकली जाते. माझं स्पष्ट मत आहे की मोठा पॅनल करूच नये. संशय ज्या एक-दोन पदार्थांवर आहे तेवढेच तपासावेत.

बंद केलेलं परत सुरू कसं करायचं, यात मात्र घाई नको. चट्टे असलेल्या मुलाला चालत असलेला पदार्थ महिनोन्‌महिने बंद ठेवला तर क्वचित त्याची सवय मोडते, आणि पुन्हा दिल्यावर खरीच ॲलर्जी उमटते. विनाकारण काही बंद करू नका म्हणतो ते मुख्यतः यासाठी. म्हणून दूध, गहू आणि शेंगदाणा या तिघांचा पहिला घास दवाखान्यात, डॉक्टरांसमोर द्या. केळं, वांगं, तूरडाळ, नारळ हे त्यांना विचारून घरी सुरू करता येईल: सकाळच्या वेळी, मूल ठणठणीत असताना, आधी चिमूटभर, मग अर्ध्या तासानं चमचाभर, दुसऱ्या दिवशी नेहमीइतकं. एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर. रात्री झोपताना नवीन काही देऊ नका.

वजनाचं मला तिळाइतकंच वाटतं. या वयात चार महिन्यांत किलोभर वाढलं नाही तरी चालतं, पण पाव-अर्धा किलो तरी वाढायला हवं. तुमच्याकडे उलट किलोभर घटलं. दूध पुन्हा सुरू होईपर्यंत नाचणीची पेज किंवा भाकरी रोज ठेवा, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. वरणभातावर तुपाची धार धरायला हरकत नाही का, असं विचाराल तर दूध तपासून होईपर्यंत थांबा, तुपात दुधाच्या प्रथिनाचा अंश राहू शकतो. तोवर शेंगदाण्याचं रिफाइंड तेल वापरा, त्यात प्रथिन जवळपास उरत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात उरतं. अंडं आधी चालत असेल तर चालू ठेवा.

ज्यांच्या मुलांना खरोखर गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. आपल्या कोल्हापुरात म्हशीच्या दुधावर फार श्रद्धा. गंगावेशच्या कट्ट्यावर उभं राहून फेसाळ धारोष्ण दूध पिणारी माणसं आपण, त्यामुळे ‘गाईचं सोसत नाही तर म्हशीचं घाला, नाहीतर शेळीचं घाला’ हा सल्ला घराघरात मिळतो. तिघींच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना म्हशीचं आणि शेळीचंही चालत नाही. दुधानं नुसते गॅस, पोटफुगी, पातळ जुलाब होणं ही वेगळी गोष्ट, त्यात दुधातली साखर पचत नसते. त्यानं ओठ सुजत नाहीत आणि जीवही जात नाही.

तीळ कुठे कुठे दडलेला असतो ते आता बघा, कारण कोल्हापुरात राहून तीळ टाळणं सोपं नाही. उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडून आणता, तिच्यात भाजलेले तीळ असतात. तीच चटणी मग मिसळीच्या कटात, तांबड्या रश्श्यात, भरल्या वांग्यात, उसळीत जाते. गोड्या मसाल्यात तीळ. भोगीची बाजरीची भाकरी, चकली, रेवडी, तिळाची चटणी, बेकरीतले पावावर, बिस्किटावर पेरलेले दाणे. यंदाची चटणी अजून कांडायची असेल तर बिनतिळाची करा, घरातल्या सगळ्यांसाठी एकच. पोरासाठी वेगळा डबा केला की कधीतरी चुकीचा चमचा बुडतोच. डंकावर जाताना तुमचा नंबर पहिला लावा, कारण आधीच्या चटणीतले तीळ यंत्रात राहिलेले असतात.

बाहेर जेवताना ‘यात तीळ आहे का?’ असं विचारू नका. वाढप्याला डोळ्यांना तीळ दिसत नाही, तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. ‘वाटणात काय काय घातलंय?’ असं आचाऱ्याला विचारा. लग्नात तर थेट मागच्या बाजूला, चुलवणापाशी जाऊन विचारायचं, तिथे खरं उत्तर मिळतं. आणि तरी त्या दिवशी मुलाचा डबा घरून न्यायचा. पाकिटातल्या मालाचं सांगायचं तर, केंद्राच्या 2020 च्या लेबल नियमांत दूध, अंडं, मासे, कोळंबीवर्गीय, शेंगदाणा, काजू-बदाम, सोयाबीन, ग्लुटेनवालं धान्य यांची वेगळी ठळक नोंद सक्तीची केलीय. त्या यादीत तीळ नाही. म्हणून तुम्हाला घटकांची बारीक अक्षरातली संपूर्ण यादीच वाचावी लागेल. ‘मसाले’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते पाकीट परत ठेवा.

पुढचा भाग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वाचून दाखवा, सासूबाईंना आधी. बोरन्हाणाच्या दिवशी जे झालं ते नुसतं अंगावर उठणं नव्हतं. गांध्यांबरोबर वारंवार उलट्या आणि मलूलपणा म्हणजे शरीराच्या एकाहून जास्त यंत्रणा एकदम बिघडल्या. त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. गांध्यांनी कोणी दगावत नाही. दगावतात ते घसा सुजून, दम कोंडून किंवा रक्तदाब कोसळून. आमसुलाचं पाणी लावणं, घोंगडीनं अंग चोळणं यात जी दहा मिनिटं जातात तीच मोलाची असतात.

दवाखान्यात दिलेली दोन इंजेक्शनं, चिठ्ठीवरून दिसतंय, ॲव्हिल आणि डेक्सामेथासोन होती. ॲव्हिलनं खाज आणि गांध्या कमी होतात; घशाची सूज, दमा आणि पडलेला रक्तदाब यांवर ते चालत नाही. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, त्याला काम करायलाच काही तास लागतात. अशा वेळी पहिलं औषध एकच, ॲड्रेनलिन, आणि तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. ते काही मिनिटांत रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळ्या करतं, सूज उतरवतं. त्याची अँप्यूल, म्हणजे काचेची छोटी कुपी, काही रुपयांना मिळते. परदेशात मिळणारं ॲड्रेनलिनचं तयार, नुसतं टोचायचं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मिळालं तरी खूप महाग पडतं, म्हणून आम्ही आईबापांना अँप्यूल, एक मिलिलीटरची सिरिंज आणि इंचभराची सुई देऊन शिकवतो. इन्शुलिनची सिरिंज चालत नाही, तिची सुई स्नायूपर्यंत पोचत नाही आणि खुणाही वेगळ्या असतात.

मात्रा दर किलोला 0.01 मिलिग्रॅम. अँप्यूलमध्ये 1 मिलिलीटरात 1 मिलिग्रॅम असतं, म्हणजे तुमच्या 11 किलोच्या मुलाला 0.11 मिलिलीटर, सिरिंजवरच्या अकरा बारीक रेघा. हा हिशेब डॉक्टरांकडून लिहून आणि हातानं करवून घ्या, वजन वाढेल तसा बदलून घ्या; दुसऱ्या कोणी तो आपल्या मुलाला वापरू नये. घाबरलेल्या हातानं अँप्यूल फोडणं जमणार नाही असं वाटत असेल तर डॉक्टर सिरिंज भरून देतात, ती उजेडापासून झाकून, उन्हात न ठेवता वापरायची आणि दोन-तीन महिन्यांनी बदलायची. औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसलं की टाकून द्या. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, पण मोटारीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको.

द्यायचं कधी? नुसत्या चार गांध्या, बाकी मूल खेळतंय: सेट्रिझिन द्या, दोन-तीन तास नजर ठेवा. पण आवाज बसला, घोगरा खोकला लागला, लाळ गिळता येईना, छातीत शिट्ट्या वाजू लागल्या, पोरगं एकदम पांढरं पडलं, सुस्तावलं, किंवा अंगावर उठून वरचेवर उलट्या होऊ लागल्या, यांतलं एकही दिसलं की ॲड्रेनलिन आधी, फोन नंतर. ‘अजून पाच मिनिटं बघू’ असं म्हणू नका. दिलं आणि गरज नव्हती असं निघालं तर थोडी धडधड, थरथर होते, ती जाते. मग मुलाला आडवं झोपवा, पाय उचलून धरा. दम लागत असेल तर मांडीवर बसतं करा. उलटी होत असेल तर कुशीवर. उचलून उभं धरून पळू नका, रक्तदाब पडलेला असताना एकदम उभं केल्यानं हृदय बंद पडू शकतं. 108 ला फोन लावा. पाच-दहा मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरी मात्रा, तितकीच.

शहरात असाल तर सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं कोणतंही चोवीस तास चालणारं मुलांचं रुग्णालय. गगनबावड्याकडे, शाहूवाडीकडे गावी गेलात तर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आधी गाठा. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, पण लसीकरणाच्या किटमध्ये ॲड्रेनलिन असतंच, आणि लसीनंतर असा त्रास झाला तर पहिला डोस द्यायचं प्रशिक्षण तिथल्या सिस्टरना दिलेलं असतं. तिथे ‘पित्त उठलंय’ म्हणू नका, ‘तिळाची ॲलर्जी आहे, ॲनाफिलॅक्सिस आहे’ असं म्हणा, काम लवकर होतं. मूल सावरलं तरी निदान चार-सहा तास निरीक्षणाखाली राहू द्या, कारण काहींना काही तासांनी दुसरी लाट येते.

पुतण्याचं प्रकरण वेगळं दिसतं. ॲलर्जीचा कल घराण्यात येतो, पण अमुकच पदार्थाची ॲलर्जी वारशानं येत नाही. सोळा वर्षांच्या पोराला घाम फुटला की बारीक, टाचणीच्या डोक्याएवढ्या पुटकुळ्या उठत असतील, न खाताही, तर तो तापलेल्या अंगाचा साधा प्रकार आहे, धोका सहसा नाही. पण चपात्या खाऊन तासा-दोन तासांत जोर-बैठका मारल्या तरच मोठ्या गांध्या उठतात, कधी चक्कर येते, आणि नुसत्या चपात्या किंवा नुसता व्यायाम दोन्ही चालतात, असं असेल तर ते गव्हावरचं व्यायामजन्य ॲनाफिलॅक्सिस असू शकतं. गव्हातल्या ओमेगा-5 ग्लायाडिन या प्रथिनाची वेगळी चाचणी असते. अंगदुखीची गोळी घेऊन मेहनत केली तर हा त्रास जास्त भडकतो, आणि तालमीत ती गोळी सर्रास घेतली जाते. निदान होईपर्यंत मेहनतीआधी चार तास गहू नको, आणि एकट्यानं पळायला जायचं नाही. थंडाईत बदाम, खसखस, मगज काय काय पडतं तेही त्यानं लिहून ठेवावं. वस्तादांना सांगण्यात लाज वाटायचं कारण नाही.

बालवाडीत बाईंच्या हातात एक कागद द्या: वर मुलाचा फोटो, खाली ‘तीळ, खसखस, काजू चालत नाही’, लक्षणं, औषध कुठे आहे, कोणाला फोन करायचा. मराठीत, मोठ्या अक्षरांत. संक्रांतीचा आठवडा आणि वाढदिवसाचे खाऊ ही दोन संकटं; बाईंकडे त्याच्यासाठी वेगळा खाऊचा डबा ठेवून द्या, म्हणजे पोरगं तोंड पाहत बसणार नाही. दुसऱ्याच्या डब्यातलं खायचं नाही हे तीन वर्षांच्या मुलालाही समजतं, फक्त रोज सांगावं लागतं.

धाकटीला भावामुळे काहीही टाळू नका, आणि आधी रक्तही तपासू नका. पूर्वी आम्हीच सांगायचो की घरात ॲलर्जी असेल तर शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत देऊ नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2000 साली दिलेला तो सल्ला 2008 मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट आहे; इस्रायलमध्ये बाळं वर्षाच्या आत शेंगदाण्याचा कुरमुरीत खाऊ खातात. मग त्यांनी एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 बाळं घेऊन दोन गट केले. 2015 मध्ये निकाल आला: पाच वर्षांच्या वयात शेंगदाणा टाळणाऱ्यांत 17.2 टक्क्यांना ॲलर्जी, नियमित खाणाऱ्यांत 3.2 टक्क्यांना. आपल्या घराघरात कुटाचा डबा असतो, हे आपलं भाग्यच म्हणायचं.

तिची कातडी स्वच्छ आहे असं तुम्ही लिहिलंय, तर सहा महिन्यांनंतर उष्टावण झालं की नाचणी, भात-वरण रुळल्यावर भाजलेल्या दाण्याचं अगदी बारीक कूट पेजेत कालवून द्या. आधी चमच्याच्या टोकावर, मग वाढवत चहाचे दोन-तीन चमचे, आठवड्यातून तीनदा. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनलिकेत अडकतो. पूर्ण शिजलेलं अंडं, गहू, दही हेही सातव्या-आठव्या महिन्यात येऊ द्या, आणि सुरू केलेलं सोडू नका. तीळ तिलाही द्यायला हवा. पण घरात तीळ आणायचा की आजोळी नेऊन द्यायचा, ते भावाची चाचणी झाल्यावर ठरवू. तिच्या अंगाला मात्र तीळतेल नको, खोबरेल पुरे.

भावाची चाचणी म्हणजे त्वचेवर टोचून बघायची: तीळ, खसखस, काजू, तीनच. तिळाच्या तयार द्रावणात त्याची तेलात विरघळणारी प्रथिनं नीट उतरत नाहीत, म्हणून घरचे पांढरे तीळ वाटून त्यावर सुई टेकवून केलेली चाचणी जास्त भरवशाची. फोड मोठा आला तर ॲलर्जीची शक्यता वाढते. पुढचा झटका किती जोराचा येईल हे मात्र त्यावरून कळत नाही. काजू निर्मळ निघाला तर दवाखान्यात खाऊ घालून पक्कं करू, म्हणजे तो यादीतून कायमचा जाईल. तीळ कधी सुटेल का? दूध-अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची शाळेच्या वयात जाते. तिळाची चार-पाच जणांत एखाद्याचीच. म्हणून वर्षा-दीड वर्षानं पुन्हा तपासत राहायचं. थोडं थोडं देऊन सवय लावण्याचे उपचार आणि ओमालिझुमॅब नावाचं इंजेक्शन (अमेरिकेत 2024 मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठी त्याला मान्यता मिळाली) हे आहेत, पण सवय लावण्याचा प्रयोग घरच्या घरी कोणी करू नये, कोणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी.

वेळ शाळा उघडायच्या आत घ्या. येताना ते तीन पानी रिपोर्ट, दवाखान्याची चिठ्ठी, वजनाची नोंद असलेलं लसीकरणाचं कार्ड आणि घरचे तीळ, खसखस, काजू वेगवेगळ्या पुड्यांत बांधून आणा. आधीचे सात दिवस सेट्रिझिन किंवा सर्दीचं कुठलंही औषध दिलेलं नसावं, त्यानं फोड येतच नाही आणि तुम्हाला पुन्हा हेलपाटा पडतो.